गल्लीतली सत्तावीस नावं

हिराबाईंनी टेबलावर आधी आधार कार्ड ठेवलं, मग जुनं मतदार ओळखपत्र, मग विजेचं बिल. तिन्ही एका प्लास्टिकच्या पिशवीतून निघाली. पिशवी ओली होती आणि तिला मासळीचा वास होता. त्यांच्या मागे दिवाळे गावातल्या आठ-दहा बायका उभ्या होत्या. रिकाम्या पाट्या त्यांनी वर्गाच्या दाराबाहेर ओळीनं ठेवल्या होत्या.

"बघ यादीत," हिराबाई म्हणाल्या. "आमी हाव का नाय?"

रविवार होता. दुपारचे साडेचार वाजून गेले होते. पाचला शाळेतलं मतदार नोंदणीचं शिबिर बंद करायचं म्हणून मी कागद आवरत होते. मी यादी उघडली. हिराबाईंचं नाव नव्हतं. त्यांच्या सुनेचं नव्हतं. मागे उभ्या असलेल्या सुनंदाचं, तिच्या जावेचं, कोणाचंच नव्हतं. मग मी वगळलेल्या नावांची वेगळी यादी काढली. तिथे सगळ्या होत्या. सत्तावीस नावं, सगळी एका गल्लीतली. प्रत्येक नावापुढे कारण एकच होतं : पत्त्यावर आढळ नाही. पानाच्या तळाशी सही होती. ती माझी होती.

मी काय काम करते ते आधी सांगते. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. त्याशिवाय बारा वर्षं मी बीएलओ आहे. विधानसभेचा मतदारसंघ मोठा असतो, म्हणून त्याच्या मतदार यादीचे छोटे भाग पाडतात. एका भागात हजार-बाराशे मतदार असतात आणि त्यांचं एक मतदान केंद्र असतं. त्या भागात घरोघर जाऊन यादी खरी आहे की नाही ते पाहणारा माणूस म्हणजे बीएलओ. कोण नवीन आलं, कोण राहायला गेलं, कोण वारलं, हे त्यानं लिहायचं. माझ्या भागात दिवाळ्यातल्या खाडीच्या बाजूच्या चार गल्ल्या आहेत आणि रस्त्यापलीकडच्या दोन सोसायट्या. त्यातल्या एका सोसायटीत मी राहते.

यादी नव्यानं तपासायची असते तेव्हा नियम असा की, बंद घराला तीन वेळा भेट द्यायची. तिसऱ्यांदाही कोणी भेटलं नाही तर तसा शेरा मारायचा. मग कच्ची यादी प्रसिद्ध होते. ज्यांची नावं गेली त्यांनी ठरावीक दिवसांत अर्ज करायचा. ती मुदत येत्या गुरुवारी संपत होती.

"तुम्हाला कळलं कसं?" मी विचारलं. कच्ची यादी शाळेच्या फलकावर लावली होती, पण ती वाचायला कोणी येत नाही हे मला माहीत होतं.

उत्तर सुनंदानं दिलं. ती चाळिशीची, सातवीपर्यंत शिकलेली, आणि बोलायला कोणाला घाबरत नाही.

"आमदाराच्या ऑफिसला गेलेलो आमी. बोंबील सुकवायची जागा हाय ना आमची, बंदराच्या बाजूची, तिथे पार्किंग करणार असं चाललंय. त्याचं निवेदन द्यायला गेलो. आमदार नव्हता, त्याचा पीए होता. तो बोलला, यादी भाग सांगा. आम्हाला काय ठाऊक भाग? मग त्यानं मोबाईलमध्ये नावं टाकली. एक टाकलं, नाय. दुसरं टाकलं, नाय. मग बोलला, मावशी, तुमचं मतदान या मतदारसंघात नाहीच. तुमच्या आमदाराकडे जा."

"मी बोलले, बाबा, आमचा आमदार कोन ते तरी सांग," हिराबाई म्हणाल्या. "तर हसला."

त्या पीएची बाजू घ्यायची नाही, पण ही पद्धत मला माहीत आहे. लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात माणूस शिरला की आधी यादीत शोधला जातो. सापडला तर तो मतदार. नाही सापडला तर तो नुसता तक्रारदार. निवेदनावर त्या सत्तावीस जणींच्या सह्या आणि अंगठे होते. यादीत त्यातली एकही नसल्यानं त्या कागदाला वजन उरलं नव्हतं. पुढच्या महिन्यात अधिवेशन होतं. तिथे प्रश्न मांडला गेला नाही तर जागेवर पत्रे ठोकले जातील, अशी त्यांना भीती होती.

"मी तीन वेळा आले होते," मी म्हणाले. "प्रत्येक वेळी कुलूप होतं."

"कदी आलीस?"

मी वही उघडून तारखा वाचल्या.

"तारीख नको. टाइम सांग."

"शाळेच्या आधी. साडेदहा ते बारा."

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. सुनंदा हसली नाही. "मॅडम, साडेदहाला कोळणीच्या घराला कुलूप नसेल तर ती आजारी हाय समजायचं. पहाटे बंदरावर माल घ्यायचा, आठला बाजारात बसायचं, संध्याकाळी पाचला घरी. पुरुष बोटीवर, आनि त्यांची नावं बंदराकडच्या जुन्या घरांवर. साडेदहाला घरी कोन असनार, मांजर?"

माझी शाळा दुपारची असते, म्हणून मी सकाळी फिरले. पण ते अर्धंच खरं आहे. संध्याकाळी सहानंतर जाता आलं असतं. आधीच्या वर्षांत मी जायचे. या वर्षी नाही गेले. बंद दार दिसलं की शेजारी चौकशी करावी, ही साधी गोष्टही मी केली नाही. माझे पती फेब्रुवारीत गेले. ज्या दारात जाईन तिथे लोक त्यांच्याबद्दल विचारायचे. कुलपं काही विचारत नव्हती. कुलूप दिसलं की मला बरं वाटायचं. मी वहीत खूण करायचे आणि पुढे जायचे.

सुनंदा तोवर माझ्यासमोरची यादी उलटी फिरवून वाचत होती. सोसायटीच्या पानावर तिचं बोट थांबलं.

"शिंदे माधव गणपत. हे तुमचे मिस्टर ना?"

मी हो म्हणाले.

"ते वारले ना? त्यांचं नाव हाय. आमची नायत."

मग हिराबाईंनी तिच्या हातातून पान ओढून घेतलं. "गप गं. गेलेल्या मानसाचं कशाला काढतेस. रविवारचा माझ्याकडून मासळी न्यायचा तो. घासाघीस करायचा, पन हसून."

"मी वाईट बोलत नाय मावशी. जे हाय ते सांगते."

ती चुकीचं काहीच बोलत नव्हती. माझ्या घराच्या रकान्यात मी कसलीच खूण केली नव्हती. खूण नसली की नाव जसंच्या तसं पुढे जातं. मी साताऱ्याकडची, मासळी मला निवडता येत नाही. बाजारात ते जायचे. बाजार कधी भरतो, कोण कुठे बसतं, गल्ली किती वाजता रिकामी होते, हे त्यांना ठाऊक होतं. ते असताना कधी विचारलं असतं तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं.

मी त्या बायकांना म्हणाले, "उद्या दुपारी मी बाजारात येते. फॉर्म तिथेच भरू."

"उद्या सोमवार हाय," हिराबाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक नसतं. ये."

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी बेलापूरच्या मासळी बाजारात गेले. वगळलेलं नाव परत घ्यायचं तर नमुना सहा भरावा लागतो. हा फॉर्म मुळात नव्या मतदारांसाठी असतो. अठरा वर्षं पूर्ण झालेली मुलं तो भरतात. मी हिराबाईंना वाचून दाखवला.

"नवीन मतदार?" त्या म्हणाल्या. "मी मत द्यायला लागले तवा हा आमदार पाटीवर ग म भ न गिरवत होता. मी सही करनार नाय. जुनी म्हनून लिही."

"तसा रकाना नाही, मावशी."

"मग कर."

सुनंदा शेजारच्या ओट्यावरून म्हणाली, "मावशी, नवीन तर नवीन. पावडर लाव, अठराची दिसशील."

हिराबाईंनी हातातला कोयता तिच्याकडे रोखला आणि मग सही केली.

पुढची अडचण फोटोची. फोटोला मागे पांढरी भिंत लागते. बाजारात पांढरी भिंत नव्हती. सुनंदानं बर्फाच्या थर्माकोलच्या खोक्याचं झाकण उचललं, पुसलं आणि हिराबाईंच्या डोक्यामागे धरलं. मी मोबाईलवर फोटो काढला. चांगला आला. मग एकेक जण त्या झाकणापुढे येऊन बसली. प्रत्येकीनं आधी पदर नीट केला. एकीला गिऱ्हाईक आलं, ती मधेच उठून सुरमई कापून आली. अंगठे उठत नव्हते, कारण दिवसभर बर्फात हात. शेवटी चहावाल्याकडून दोन गरम ग्लास मागवले आणि अंगठा देण्याआधी प्रत्येकीनं तो ग्लास हातात धरून ठेवायचा, असं ठरलं. पाच वाजेपर्यंत पंचवीस फॉर्म झाले. उरलेल्या दोघींकडे मी संध्याकाळी घरी गेले. एकीच्या घरचं विजेचं बिल वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर होतं, तिचं रेशन कार्ड जोडलं. दुसरी द्रोणागिरीला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. तिचा फॉर्म आणि फोटो मुलानं दुसऱ्या दिवशी आणून दिला.

मंगळवारी मी सत्तावीस फॉर्म घेऊन निवडणूक कार्यालयात गेले. आमच्या भागाचं काम पाहणारे नायब तहसीलदार माझ्यापेक्षा वयानं लहान आहेत. कामाला चोख, बोलायला कमी. त्यांनी गठ्ठा चाळला.

"एकाच गल्लीतले एकदम सत्तावीस? मॅडम, यावर हरकत आलीय."

ती फॉर्म पोचण्याआधीच आली होती. प्रत्येक मतदान केंद्रासाठी पक्ष आपापला एक एजंट नेमतात. यादीत खोटी नावं घुसू नयेत हे बघणं त्याचं काम. एका एजंटला बाजारातल्या फोटोंची कुणकुण लागली होती. एका गल्लीतले गठ्ठ्यानं आलेले अर्ज संशयास्पद आहेत, प्रत्येकाची सुनावणी घ्यावी, असं त्यानं लेखी दिलं होतं. मला त्याचा राग आला नाही. माझ्या वहीत मीच लिहिलं होतं की इथे कोणी राहत नाही.

"सुनावणी लावतो," साहेब म्हणाले. "पुढचा शुक्रवार, सकाळी अकरा, इथे. नोटिसा तुम्हीच वाटा."

"साहेब, अकराला त्या येणार नाहीत. बाजार असतो. शुक्रवारी तर जोरात असतो."

"एक दिवस धंदा बुडेल."

"त्या दिवसाचा माल पहाटे घेतलेला असतो. ठेवला तर खराब होतो. त्या येणार नाहीत, आणि आल्या नाहीत की आपण गैरहजर लिहू. म्हणजे पुन्हा तेच."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुमचं म्हणणं काय?"

"सुनावणी संध्याकाळी सहाला घ्या. गावातल्या शाळेत."

"मी येईन. पण फाईलवर कारण काय लिहू? कार्यालयीन वेळेबाहेर, कार्यालयाबाहेर सुनावणी कशासाठी? उद्या हाच एजंट माझ्यावर तक्रार करेल."

"बीएलओनं तिन्ही भेटी रहिवासी कामावर असतानाच केल्या. वेळ चुकीची होती. शेजारी चौकशी केली नाही. असं मी लिहून देते."

"मॅडम, नियमात तीन भेटी आहेत. तुम्ही तीन केल्या. आज तुमची चूक कागदावर कुठेच नाही."

"हो. म्हणूनच लिहून देते."

"असं लिहून दिलंत तर मला तुम्हाला कारणे दाखवा नोटीस काढावी लागेल. निवृत्तीला किती राहिलं?"

"दोन वर्षं."

"मग कशाला? पाच-सहा जणी येतील अकराला. बाकीच्या पुढच्या वेळी."

मी त्यांच्याकडून कोरा कागद मागून घेतला आणि तिथेच बसून लिहिलं. आठ ओळी झाल्या. मुलांचे निबंध तपासण्यात तीस वर्षं गेली, त्यामुळे खाडाखोड झाली नाही. साहेबांनी वाचलं, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "अक्षर छान आहे." मग सुनावणीचं ठिकाण आणि वेळ बदलली.

दाराशी मी थांबले. "आणखी एक. माझ्या पतीचं नाव यादीत राहिलंय. नमुना सात कुठे द्यायचा?" नमुना सात म्हणजे नाव कमी करण्याचा अर्ज. शेकडो लोकांना मी तो भरून दिला होता. कुठे द्यायचा हे मला पाठ होतं. तरी विचारलं.

साहेब म्हणाले, "बीएलओकडे." आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "नाही. तुमच्या घरची पडताळणी तुम्हाला करता येणार नाही. बाजूच्या भागाचे बीएलओ येतील. तुम्ही फक्त अर्ज करा."

शुक्रवारी सहा वाजता साहेब दुसरीच्या वर्गात आले आणि मुलांच्या बाकावर गुडघे आखडून बसले. एजंट मागच्या बाकावर बसला. तो पस्तिशीचा, रस्त्यापलीकडच्या सोसायटीतला. सहा वाजता एकही बाई नव्हती. सव्वासहाला नव्हती. एजंटनं घड्याळ बघितलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझं लिहून दिलेलं पत्र फाईलमध्ये वरच लावलेलं होतं.

साडेसहाला त्या आल्या, सगळ्या एकदम. कपडे बदलून, वेण्या माळून. उशीर त्याचाच होता.

"साहेबांपुढे वासाच्या लुगड्यात कशा येनार?" हिराबाई म्हणाल्या.

साहेबांनी प्रत्येकीला दोन-तीन प्रश्न विचारले. नाव, घर, किती वर्षं राहता.

"किती वर्षं काय," हिराबाई म्हणाल्या. "तुमचा हा सेक्टर-फिक्टर नवता, मिठागरं होती, तवापासून."

"वर्षं सांगा, आजी. लिहायला लागतं."

"लिही पन्नास. कमी पडली तर उद्या येऊन सांगते."

सुनंदाची पाळी आली तेव्हा एजंट उभा राहिला. त्याचं काम तो करत होता. "साहेब, या पत्त्यावर या राहतात याला माझी हरकत आहे. पडताळणीत आढळ नाही असं नोंदवलेलं आहे."

सुनंदा मागे वळली. तिनं त्याला नीट पाहिलं. "अरे, तू? काल संध्याकाळी माझ्या ओटीवर उभा राहून कोळंबी घेऊन गेलास ना? घरी पाहुणे हायत म्हनून उरलेली सगळी नेलीस. आनि आज मी तिथे राहत नाय?"

बायका हसल्या. साहेबांनी यादीवर नजर ठेवली, पण त्यांचे खांदे हलले.

"चांगली होती का?" हिराबाईंनी विचारलं.

एजंटनं हातातली यादी मिटली. मग म्हणाला, "चांगली होती." आणि बसला. उरलेल्या नावांवर त्यानं हरकत घेतली नाही. निघताना कागद मागून घेतला आणि आधीची हरकत मागे घेतल्याचं लिहून दिलं.

सव्वीस जणींची सुनावणी झाली. द्रोणागिरीची बाई आली नाही. बाळंतपण अवघड झालं होतं. तिला यायला आणखी चार दिवस लागले आणि तोवर निर्णय लिहून झाले होते. तिचं नाव यादीबाहेर राहिलं. अंतिम यादी लागल्यानंतर मी तिचा नवा अर्ज भरून घेतला. पण मधे जर मतदान लागलं असतं तर ते तिचं माझ्यामुळे हुकलं असतं. ती मला नातीचे फोटो दाखवत राहिली.

बाजूच्या भागाचे बीएलओ एका रविवारी सकाळी आमच्या घरी आले. तेही शिक्षक आहेत. आम्ही एकमेकांना वीस वर्षं ओळखतो. चहा घेऊन त्यांनी वही उघडली आणि नियमाप्रमाणे विचारलं, "अर्जदाराचं मृताशी नातं?" मी सांगितलं, पत्नी. "मृत्यूचा दाखला पाहिला" असं त्यांनी लिहिलं. दाखला मी काढून ठेवला होता, तो त्यांनी खरंच पाहिला. सही केली. पुढच्या यादीत आमच्या घरापुढे एकच नाव आलं.

त्या बायका निवेदन घेऊन आमदारांच्या कार्यालयात पुन्हा गेल्या. या वेळी हिराबाईंनी आधी यादी भागाचा क्रमांक सांगितला, मग अनुक्रमांक, मग नाव. पीएनं खुर्च्या मागवल्या. अधिवेशनासाठी पाठवायच्या प्रश्नांत सुकवायच्या जागेचा प्रश्न गेला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. पत्रेही अजून ठोकलेले नाहीत. बोंबील सध्या तिथेच वाळतात.

मला कारणे दाखवा नोटीस आली. मी उत्तर दिलं, म्हणजे आधीच्या आठ ओळी पुन्हा लिहिल्या. दीड महिन्यानं कागद आला : यापुढे दक्षता घ्यावी, अशी समज देण्यात येत आहे. तो माझ्या सेवापुस्तकात लावला आहे. तीस वर्षांत त्यात असा तो एकच कागद.

भेटींच्या छापील वहीत तारखेचा रकाना असतो, वेळेचा नसतो. मी पट्टी घेऊन तो आखून घेतला आहे. त्याच्या बाजूला आणखी एक आखला : शेजारी कोणाला विचारलं. आता कुलूप दिसलं की मी बाजूच्या दारावर जाते. लोक सांगतात आणि मग विचारतातच, मिस्टर कशानं गेले. सांगायला दोन मिनिटं लागतात. भेट तेवढीच लांबते.